वाढत्या अंगाचें शिरस्त्राण

आमच्या महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या घरांत काटकसरीचे दोन नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. पहिला असा, कीं मुलाचा सदरा शिवावयाचा तो वाढत्या अंगाचा शिवावा, म्हणजे तो आणखी एक वर्ष पुरतो. दुसरा असा, कीं थोरल्यास आंखूड झालेली वस्तु टाकून न देतां धाकट्यास द्यावी. या दोन्ही नियमांत वावगें असें कांहींच नाहीं; किंबहुना अशा काटकसरीवरच कित्येक मुलांचीं शिक्षणें पार पडलीं आहेत. परंतु जगांत कांहीं वस्तू अशा आहेत, कीं ज्यांच्या बाबतींत हेच शहाणपणाचे नियम घातक ठरतात. मोटोक्रॉस नांवाच्या खेळांत अंगावर चढवावयाचीं संरक्षक साधनें हीं त्यांपैकींच होत. तीं कशीं निवडावींत, आणि आपली काटकसर कोठें चालवावी व कोठें आवरावी, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हा खेळ कोणता तें सांगितलें पाहिजे. डांबरी रस्त्यावरून गाड्या पळविण्याची ही शर्यत नव्हे. मातीचे उंचवटे, खळगे, चिखल व अवघड वळणें यांनीं भरलेल्या बंदिस्त मार्गावर हलक्या मोटारसायकली चालविण्याचा हा खेळ आहे. उंचवट्यावरून गाडी व स्वार हीं दोन्ही हवेंत उडतात आणि कांहीं अंतरावर पुन्हां मातीवर उतरतात. इंग्लंडांत सरे परगण्यांतील कँबर्ली गांवाजवळ १९२४ सालच्या मार्च महिन्यांत जी शर्यत झाली, तिच्यापासून या खेळाची सुरुवात समजतात. त्या देशांत त्यास ‘स्क्रँबल’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स व बेल्जम या देशांत तो फार लोकप्रिय झाला, आणि मोटारसायकल या अर्थाचा फ्रेंच शब्द व ‘क्रॉस-कंट्री’ हा शब्द यांच्या जोडणीनें ‘मोटोक्रॉस’ हें नांव रूढ झालें. १९५७ सालापासून त्याचे जागतिक अजिंक्यपदाचे सामने होऊं लागले. आमच्या प्रांतांत पुणें व नाशिक येथें मातीवरच्या अशा शर्यती भरत आल्या आहेत. या खेळाचा जो प्रकार क्रीडांगणांत मातीचे ढीग रचून खेळतात त्यास सुपरक्रॉस म्हणतात. २०२४ सालच्या जानेवारींत पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत त्याची मोठी शर्यत झाली. असें कांहीं दृष्टीस पडलें, कीं घरोघरचीं मुलें आपल्या वडिलांपाशीं फटफटीचा हट्ट धरून बसतात. तो हट्ट पुरवावा कीं न पुरवावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु पुरवावयाचाच असेल, तर गाडीच्या आधीं अंगावरच्या साधनांचा विचार झाला पाहिजे. कारण या खेळांत पडणें हा अपवाद नसून नियमच आहे. निष्णात स्वारही पडतात. नवशिके तर वारंवार पडतात.

पडल्यानें इजा होते ती कशामुळें, हें नीट समजलें म्हणजे साधनांची निवड अर्धी झालीच म्हणून समजावें. पुष्कळांस असें वाटतें, कीं वेगानें इजा होते. वस्तुतः वेगानें इजा होत नाहीं. वेग एकाएकीं नाहींसा होण्यानें होते. क्रिकेट खेळणारा मुलगा वेगानें येणारा चेंडू झेलतांना हात किंचित् मागें नेतो. त्यामुळें चेंडू थांबण्यास थोडें अधिक अंतर मिळतें व तळहातास झिणझिण्या येत नाहींत. संरक्षक साधनें हेंच काम करतात. आतां थोडें गणित करूं. स्वार उभ्या गाडीवरून नुसता कोलमडला आणि त्याचें डोकें दीड मीटर उंचीवरून खालीं आलें, तर जमिनीशीं गांठ पडतांना डोक्याचा वेग ताशीं सुमारें १९ ते २० किलोमीटर असतो. डोकें उघडें असून तें ३ मिलिमीटर अंतरांत थांबलें, तर त्यावर ठोकळ मानानें त्याच्या वजनाच्या ५०० पट जोर येतो. तेंच डोकें ३० मिलिमीटर अंतरांत थांबलें, तर तो जोर ५० पटींवर येतो. पडण्याच्या उंचीस थांबण्याच्या अंतरानें भागिलें, कीं हा आंकडा मिळतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो स्वतः करून पाहावा. ३ व ३० या दोन आंकड्यांत जें २७ मिलिमीटरांचें अंतर आहे, तेंच आपण शिरस्त्राणाच्या रूपानें विकत घेतों.

हें सत्य लोकांच्या गळीं उतरावयास मात्र बराच काळ लागला. अरबस्तानांतील मोहिमेमुळें ज्यांचें नांव गाजलें ते लॉरेन्स हे १९३५ सालच्या मे महिन्यांत इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत मोटारसायकलवरून जात असतां सायकलवरील दोन मुलांस वांचविण्याच्या प्रयत्नांत गाडीवरून फेंकले गेले. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. सहा दिवसांनीं त्यांचा अंत झाला. त्यांना पाहण्यास जे डॉक्टर आले होते, त्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढें त्यांनीं मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा कसून अभ्यास केला आणि १९४१ सालीं ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकांत शिरस्त्राणाचें महत्त्व प्रतिपादन करणारा लेख लिहिला. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें कामावरच्या मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचें केलें. सर्वसामान्य नागरिकांस तेथें ही सक्ति लागू व्हावयास १९७३ साल उजाडावें लागलें. एका माणसाच्या मृत्यूपासून धडा घेऊन दुसऱ्यानें असंख्यांचे प्राण वांचविले, याहून अधिक बोधप्रद गोष्ट आम्हांस दुसरी आठवत नाहीं.

आतां शिरस्त्राणाची रचना पाहूं. त्यास मुख्यतः तीन थर असतात. बाहेरचें कठीण कवच आघाताचा जोर मोठ्या पृष्ठभागावर पसरवितें व टोंकदार दगड आंत शिरूं देत नाहीं. सर्वांत आंतला कापडी व मऊ थर डोकें नीट बसावें एवढ्याचसाठीं असतो. खरें काम करतो तो मधला थर. दुकानांत नाजूक वस्तूंच्या खोक्यांत जो पांढरा थर्मोकोल आपण पाहतों, त्याच जातीचा पण अधिक घट्ट असा हा पदार्थ असतो. आघाताच्या वेळीं तो स्वतः चिरडला जातो आणि डोक्यास थांबण्यासाठीं वर सांगितलेलें अंतर मिळवून देतो. आघात शोषून घेणाऱ्या अशा थराच्या शिरस्त्राणाचें पेटंट अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील चार्ल्स लोंबार्ड व त्यांचे सहकारी यांना १९५३ सालीं मिळालें. या थराचा गुण हाच त्याचा दोषही आहे. एकदां चिरडला, कीं तो पुन्हां फुगून पूर्ववत् होत नाहीं. बाहेरचें कवच चकचकीत दिसेल, रंगास ओरखडाही नसेल, तरी आंतलें अंतर मात्र संपलेलें असतें. म्हणून ज्या शिरस्त्राणानें एकदां मोठा आघात घेतला, त्यानें आपलें कर्तव्य केलें असें समजून त्यास निरोप द्यावा. हा फटाका एकदांच उडतो.

येथेंच आमच्या काटकसरीचा दुसरा नियम मोडतो. थोरल्या भावाचें शिरस्त्राण धाकट्यास देतांना, थोरला त्यासह किती वेळां व कसा पडला हें सांगणारें कोणी असतें काय? बहुधा नसतें. मुलें पडल्याचें घरीं सांगत नाहींत, हें प्रत्येक आईस ठाऊक आहे. जुन्या बाजारांत घेतलेल्या शिरस्त्राणाचा इतिहास तर विकणाराही सांगत नाहीं. शिवाय घाम, ऊन व तेल यांनीं आंतले थर व पट्टे हळूहळू जीर्ण होतात. म्हणून आघात न होतांही सुमारें पांच वर्षांनीं शिरस्त्राण बदलावें असें बहुतेक कारखानदार सांगतात.

पहिल्या नियमाची गति तीच. सैल शिरस्त्राण आघाताच्या वेळीं पुढें सरकून डोळ्यांवर येतें, मागें सरकून कपाळ उघडें टाकतें, किंवा डोक्यावरून निघूनच जातें. ज्या ठिकाणीं मार लागतो त्या ठिकाणीं तें नसतेंच. तेव्हां मुलाचें डोकें आज जेवढें आहे तेवढेंच माप घ्यावें. शिंप्याची मोजपट्टी भुंवयांच्या वर बोटभर अंतरावरून, मागें डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी आणि येणारें माप सेंटिमीटरांत लिहून दुकानांत न्यावें. तेथें शिरस्त्राण चढविल्यावर गाल किंचित् दाबले गेले पाहिजेत. कपाळावर मात्र एकाच जागीं टोंचूं नये. पट्टा आवळून मुलास डोकें डावीकडे व उजवीकडे झटकावयास सांगावें. शिरस्त्राणाबरोबर गालांची कातडीही हलली तर तें ठीक बसलें. मग त्याच्या मागच्या कांठास हात घालून तें पुढें उलथून काढण्याचा प्रयत्न करावा. निघालें तर तें कितीही स्वस्त असलें तरी घेऊं नये. दहा-पंधरा मिनिटें तें डोक्यावर ठेवून बसावें; दुखूं लागलें तर त्याचा आकार त्या डोक्यास योग्य नाहीं. धातूच्या दोन कड्यांतून ओवून आवळावयाचा पट्टा शर्यतींत अधिक पसंत करतात, कारण तो प्रत्येक वेळीं गळ्याच्या मापाप्रमाणें बसतो. लहान मुलांच्या बाबतींत वजनही पाहावें; मुलाचें डोकें शरीराच्या मानानें मोठें व मान कोंवळी असते, म्हणून मोठ्यांचें जड शिरस्त्राण त्यास बाधक होतें.

मोटोक्रॉसचें शिरस्त्राण रस्त्यावरच्यासारखें दिसत नाहीं, यासही कारणें आहेत. त्याची हनुवटी पुढें आलेली असते, कारण स्वारास धापा टाकीत श्वास घ्यावा लागतो. वर लांब झांप असते. ती ऊन अडविते, आणि पुढच्या गाडीच्या चाकाखालून माती उडाली असतां स्वार मान खालीं घालून तिच्या आड तोंड लपवितो. समोर कांच नसते. तिच्या जागीं निराळा गॉगल लावतात. शिरस्त्राण विकत घेतांना त्यावरची मोहोर पाहावी. भारतीय मानक संस्थेच्या मानकाचा क्रमांक ४१५१ आहे, आणि १ जून २०२१ पासून दुचाकीसाठीं या संस्थेच्या चिन्हावांचून शिरस्त्राणें विकण्यास आपल्या देशांत मनाई झाली आहे. युरोपांतील नियमांची २२.०६ ही आवृत्ति तिरकस आघाताचीही परीक्षा घेते. तिरकस आघातानें डोकें एकदम फिरतें व मेंदूस पीळ बसतो. तो कमी व्हावा म्हणून आंत किंचित् सरकणारा थर बसविण्याची युक्ति स्वीडनमधील संशोधकांनीं १९९६ सालच्या सुमारास हातीं घेतली. ज्या शर्यतींत उतरावयाचें तिचे चालक कोणती मोहोर मान्य करतात, हें आधीं विचारावें.

डोक्यानंतर डोळे. साधा उन्हाचा चष्मा येथें निरुपयोगी आहे, कारण त्याच्या कडांतून धूळ शिरते व दगड लागल्यास तो फुटतो. गॉगल न फुटणाऱ्या प्लॅस्टिकचा असावा, त्याची कडा स्पंजाची असावी व ती शिरस्त्राणाच्या तोंडांत फट न राहतां बसावी. म्हणून गॉगल घ्यावयास जातांना शिरस्त्राण बरोबर न्यावें. चिखलाच्या शर्यतींत स्वार गॉगलावर पातळ पारदर्शक पापुद्रे लावतात व माखलेला पापुद्रा ओढून फेंकतात. ज्यांस नंबराचा चष्मा आहे त्यांच्यासाठीं चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात. त्यांचा चष्मा कांचेचा मात्र नसावा.

शिरस्त्राणानंतर महत्त्वाचें साधन कोणतें असें कोणी विचारलें, तर आम्ही बूट असें उत्तर देऊं. कित्येकांस याचें आश्चर्य वाटेल. परंतु वळणावर स्वार एक पाय पुढें काढून जमिनीजवळ धरतो. तो पाय मातींत रुतला व गाडी पुढें गेली, तर घोटा व नळी यांस पीळ बसतो. गाडी कलंडली तर ती पायावरच पडते. म्हणून या खेळाचे बूट गुडघ्याच्या थोडे खालींपर्यंत उंच, बाजूंनीं कठीण प्लॅस्टिकचे पत्रे लावलेले, पुढें बोटांवर टणक टोपी बसविलेले व बकलांनीं आवळावयाचे असतात. घोटा पुढेंमागें वांकावा परंतु आडवा मुरडूं नये, अशी त्यांची घडण असते. खेळाचे कापडी बूट किंवा पावसाळ्यांतले गमबूट यांची जागा घेऊं शकत नाहींत. बूट चढवून व बकलें लावून चार पावलें चालावें. टांच आंत उचलली जात असेल तर ते मोठे आहेत. मोठ्या बुटाचें टोंक गिअरच्या दांड्याखालीं नीट जात नाहीं, आणि आंत पाय सरकत असेल तर बाहेरच्या कठीणपणाचा उपयोग होत नाहीं. नवे बूट ताठर लागतात. ते घरांत थोडे वापरून मगच गाडीवर बसावें.

गुडघ्यांसाठीं दोन प्रकारचीं साधनें मिळतात व त्यांत गल्लत होतां कामा नये. पहिला प्रकार म्हणजे वाटीसारखें कवच. तें जमिनीचा किंवा दगडाचा मार झेलतें. दुसरा प्रकार म्हणजे बिजागरी असलेला सांगाडा. तो गुडघा उलट्या दिशेस वांकण्यापासून व मर्यादेबाहेर ताणला जाण्यापासून आवरतो. दुसरा महाग आहे, व तो मापाचा नसेल तर बिजागरी एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे असा प्रकार होऊन उपयोगाऐवजीं अपाय होतो. नवशिक्या मुलास चांगलें बसणारें कवच पुरे. तें उभें राहून पाहूं नये; खुर्चीवर गाडीवर बसल्याप्रमाणें गुडघे वांकवून वाटी बरोबर गुडघ्यावर राहते कीं नाहीं तें पाहावें. कोपराच्या कवचासही हाच नियम लागू आहे.

छाती व पाठ यांच्या चिलखताच्या बाबतींत गिऱ्हाइकाची फसगत होण्याचा संभव सर्वांत अधिक. दुकानांत दोन वस्तू शेजारीं टांगलेल्या असतात व दोन्ही सारख्याच रुबाबदार दिसतात. एकीचें काम पुढच्या चाकांनीं उडविलेले दगड अडविणें एवढेंच असतें. दुसरी पडल्याचा आघात झेलण्यासाठीं असते. भेद दिसण्यांत नाहीं, चिठ्ठींत आहे. युरोपांतील मानकांपैकीं १४०२१ हा क्रमांक दगड अडविणाऱ्या ढालीचा. १६२१ या क्रमांकापुढें १ असेल तर तें कोपर, गुडघा इत्यादि सांध्यांचें कवच, २ असेल तर पाठीचें व ३ असेल तर छातीचें. पाठीच्या कवचाची परीक्षा अशी घेतात: सुमारें ५ किलो वजन १ मीटर उंचीवरून पडल्यानें जेवढा आघात होईल तेवढा कवचावर करतात व पलीकडे किती जोर पोंचला तें मोजतात. पहिल्या प्रतीच्या कवचांतून सरासरी १८ व दुसऱ्या प्रतीच्या कवचांतून सरासरी ९ किलोन्यूटनांहून अधिक जोर पलीकडे जातां कामा नये. ९ किलोन्यूटन म्हणजे सुमारें ९०० किलो वजनाचा भार. दुसरी प्रत निम्माच जोर पोंचूं देते. तेव्हां येथें मोठा आंकडा तो चांगला. असा आंकडा कोठेंच छापलेला नसेल, तर त्या वस्तूस चिलखत न म्हणतां पोषाख म्हणावें.

मानेभोंवतीं घालावयाचें कडें दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टर ख्रिस लेट यांनीं या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आणलें. शिरस्त्राणाचा कांठ त्यावर टेंकून मान मर्यादेबाहेर वांकूं नये, हा त्याचा हेतु. त्याच्या उपयोगाविषयीं जाणत्या स्वारांत अद्याप एकमत नाहीं. शिवाय शिरस्त्राण व छातीचें चिलखत या दोहोंशीं त्याचा मेळ बसावा लागतो. म्हणून प्रथम बाकीचीं साधनें पुरीं करावींत व मग जाणत्या शिक्षकाच्या सल्ल्यानें याचा विचार करावा.

राहतां राहिले हातमोजे, सदरा व विजार. हातमोजे पातळच असतात, कारण ब्रेकचा दांडा बोटांस समजला पाहिजे. त्यांचा उपयोग कातडी सोलवटूं नये व मुठीवर पकड राहावी इतकाच. सदरा सैल व हवा खेळणारा असतो, म्हणजे आंत चिलखत मावतें व उन्हांत जीव घाबरा होत नाहीं. विजारीस गुडघ्यांच्या आंतल्या बाजूस चामडें लावलेलें असतें, कारण तेथें तापलेलें इंजिन घासतें.

आतां काटकसरीच्या प्रश्नाकडे वळूं. कारण पालकांचा खिसा अथांग नसतो, हें आम्ही जाणतों. काटकसर सोडावी असें आमचें म्हणणें नाहीं; ती योग्य जागीं करावी एवढेंच म्हणणें आहे. सदरा व विजार खुशाल थोरल्याची वापरावी, वाढत्या अंगाचीही घ्यावी. त्यांत प्राणाशीं गांठ नाहीं. बूट जुने घेण्यास हरकत नाहीं, मात्र तळ उसवलेला नसावा, बकलें शाबूत असावींत व घोट्याचा ताठरपणा गेलेला नसावा. गुडघ्याचें व कोपराचें कवच तडा गेलेलें नसेल, पट्टे ताणलेले नसतील आणि तें धाकट्यास आज बरोबर बसत असेल, तर तेंही चालेल. शिरस्त्राण मात्र नवें, आजच्या मापाचें व मोहोर असलेलेंच घ्यावें. पैसे थोडे असतील तर ते या क्रमानें खर्च करावेत: प्रथम शिरस्त्राण, मग बूट, मग गॉगल, मग गुडघ्यांचें कवच, मग छाती व पाठ यांचें चिलखत. आणि हा सर्व खर्च झाल्यावर जें उरेल त्यांतून गाडी पाहावी. गाडी दोन वर्षें जुनी असली तरी चालते. प्रत्यक्षांत बहुधा उलट घडतें. आधीं नवी कोरी गाडी येते व उरलेल्या चिल्लरींत डोक्याची व्यवस्था केली जाते.

विद्यार्थिमित्रांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. इतका सरंजाम अंगावर चढविणें हें भित्रेपणाचें लक्षण आहे, असें तुमच्यांतील कांहींस वाटत असेल. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफजलखानाच्या भेटीस जातांना छत्रपति शिवाजी महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत व डोक्यास लोखंडी टोप घातला होता, हें तुम्ही इतिहासांत वाचलेंच आहे. त्यामुळें त्यांच्या शौर्यास उणेपणा आला, असें म्हणणारा अद्याप कोणी निपजला नाहीं. परंतु याची दुसरी बाजूही ध्यानांत धरा. चिलखत अंगावर आहे म्हणून अवघड उडी सोपी होत नाहीं. साधनें पडल्यानंतरचें नुकसान कमी करतात. पडण्याचें टाळणें हें काम सरावाचें व विवेकाचें आहे. जी उडी तुम्ही चिलखतावांचून मारूं धजला नसतां, ती केवळ चिलखत आहे म्हणून मारूं नका.

तसेंच हा खेळ बंदिस्त मार्गाचा आहे, गांवच्या रस्त्याचा नव्हे. आपल्या देशांत गिअरची मोटारसायकल रस्त्यावर चालविण्याचा परवाना अठरा वर्षें पुरीं झाल्याशिवाय मिळत नाहीं. २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलानें रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. चार वर्षांवरील प्रत्येक माणसानें दुचाकीवर बसतांना शिरस्त्राण घातलें पाहिजे, असाही कायदा आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं मोटोक्रॉसचें नांवही कधीं निघणार नाहीं, परंतु वडिलांच्या मागें बसून जे रोज शाळेंत येतात, त्यांसही या लेखांतील माप घेण्याची रीत उपयोगी पडेल. वडिलांचें जुनें, डोक्यावर डुलणारें शिरस्त्राण मुलाच्या माथीं ठेवल्यानें पोलीस कदाचित् संतुष्ट होतील. दगड संतुष्ट होणार नाहीं.

या रविवारीं प्रत्येक घरीं एक मोजपट्टी काढावी, घरांतील प्रत्येकाच्या डोक्याचें माप घ्यावें व खुंटीवर टांगलेलें शिरस्त्राण त्या मापाचें आहे कीं नाहीं तें पाहावें, एवढीच पालकांस आमची विनंती आहे. या कामास पांच मिनिटें लागतात व खर्च कांहींच येत नाहीं. सदरा वाढत्या अंगाचा शिवावा. शिरस्त्राण मात्र आजच्या डोक्याचें घ्यावें, म्हणजे तें डोकें वाढावयास शिल्लक राहील.